चार ओळींच्या बदलाला तीन आठवडे रिव्ह्यू?

उद्यमनगरकर: शिरोलीत ब्लोअर बॅलन्सिंगची, म्हणजे फिरत्या पंख्याला वजन लावून कंपन घालवायची कामं करतो. त्यासाठी एक ओपन सोर्स सिग्नल प्रोसेसिंग लायब्ररी वापरतो. तिच्या फिल्टरमधनं सिग्नल उशिरा बाहेर पडतो. टॅकोचा (फेरा मोजणाऱ्या सेन्सरचा) ठोका एकीकडं, कंपनाचं शिखर भलतीकडं, मग वजन लावायचा कोन चुकतो. म्हणून फिल्टर एकदा सरळ, एकदा उलटा फिरवला. फेजचा, म्हणजे त्या उशिराचा घोळ मिटला. हा चार ओळींचा बदल लायब्ररीत घ्यायला पाठवला. टेस्ट सगळ्या हिरव्या. तरी रिव्ह्यूवाला अडवून बसलाय. कोड बघायलाय का मुहूर्त?

रंकाळ्याकाठचा: भावा, बदल उघडून वाचला. उलटं फिरवायला पुढची सॅम्पल आधी हातात लागतात. रेकॉर्डिंगवर झकास. पण चालू मशीनवर अलार्म लावलेल्यानं ती कुठनं आणायची? तुकडे करून चालवलं तर प्रत्येक जोडावर खोटा झटका. आणि तू डिफॉल्टच, म्हणजे काही न निवडता चालणारी पद्धतच बदललास!

तांबडा_रस्सा: व्हय, पण ही माणसं राबणाऱ्यालाच धरतात. माझा एक बदल कमेंटच्या शब्दांवरनं दोन महिने पडून होता. परत त्या वाटेला गेलो नाही.

दुसरी_पाळी: कमेंटवरनं अडवणं चूकच. इथं भानगड वेगळी आहे. बटरवर्थ फिल्टर कटऑफला (जिथनं तो सिग्नल कापायला लागतो त्या फ्रिक्वेन्सीला) 3 डेसिबल खाली येतो, म्हणजे 100 चे साधारण 71 उरतात. दोनदा फिरवला की 50. 1440 आरपीएमची मोटर सेकंदाला 24 फेरे मारते, त्याची दुप्पट 48 हर्ट्झ; कपलिंगची अलाइनमेंट बिघडली की बऱ्याचदा तिथंच दिसतं. कुणी कटऑफ 50 ला ठेवला असेल तर त्याचा आकडा गुपचूप उतरणार, अलार्म गप्प. बरं, टेस्ट हिरव्या कशा झाल्या? टॉलरन्स (उत्तरात चालणारा फरक) 0.000001 होता, तो तू 0.5 केलायस. एवढ्या दारातनं म्हैस जाईल.

उद्यमनगरकर: टॉलरन्सचं मान्य. रात्री दीडला लाल दिसलं, वैतागून वाढवला, परत करायचा राहिला. पण रिव्ह्यूवाल्यानं हे एका ओळीत सांगितलं असतं तर? "फेरविचार करा" एवढंच लिहून गायब.

रंकाळ्याकाठचा: ते मात्र त्याचं चुकलं. जुनं डिफॉल्ट ठेव, उलटसुलट फिरवणं वेगळा पर्याय म्हणून दे, कटऑफची टेस्ट जोड.

उद्यमनगरकर: पर्याय देतो. पण बॅलन्सिंगवाल्यानं जुनंच डिफॉल्ट वापरलं तर कोन चुकणारच की. त्याचा इशारा डॉक्युमेंटेशनमध्ये कोण लिहिणार?

तांबडा_रस्सा: तूच. आणि त्यावर परत तीन आठवडे.