ठेकेदाराच्या कपाटातली आधार कार्डं

प्रश्न (फोंडा):
कुंडईला आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. एक औषध कंपनी माल घेते, तिचं गिऱ्हाईक इंग्लंडचं. परवा चौदा पानी फॉर्म आला: ‘तुमच्याकडे आधुनिक गुलामगिरी आहे का?’ वाचून हसूच आलं. सगळीकडे ‘नाही’ लिहायला बसलो आणि एका ओळीवर अडलो. कामगारांची ओळखपत्रं कुणाकडे असतात? ओडिशाची अठरा मुलं आहेत, मूळ आधार कार्डं ठेकेदाराच्या कपाटात. ‘शेठ, पोरं हरवतात,’ म्हणतो. दर पगारातून उचल कापतो ती किती फिटली, मला ठाऊक नाही. ‘नाही’ लिहून मोकळा होऊ का?

उत्तर १:
नका लिहू. मी वेर्ण्याला खरेदी विभागात आहे, असे फॉर्म वाचणं हेच माझं काम. सगळीकडे ‘नाही’ दिसलं की आम्ही आधी तिथेच जातो. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे ३ कोटी ६० लाख पौंड किंवा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना याबद्दल दरवर्षी निवेदन काढावं लागतं, खाली संचालकाची सही. ती सही तुमच्या उत्तराच्या भरवशावर होते. कार्ड अडकवणं, उचलीत बांधणं, पगार रोखणं या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सांगितलेल्या सक्तीच्या मजुरीच्या ११ खुणांपैकीच.

उत्तर २:
इंग्लंड कशाला? आपला १९७६ चा वेठबिगारीचा कायदा आहे की. उचलीपायी माणसाला काम सोडता येत नसेल तर ती वेठबिगारी, आणि ते कर्ज कायद्यानेच रद्द. १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी देणंही सक्तीची मजुरी ठरवलं.

मी कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरचे हिशेब लिहायचो. मासेमारीबंदी उठायच्या आधीच खलाशांना उचल जायची. मधेच कुणी ‘घरी जातो’ म्हणाला की त्याच्यापुढे वही उघडायची. ती उघडणारा मीच. त्याला गुलामगिरी म्हणतात हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

ठेकेदाराला मात्र तडकाफडकी काढू नका, तो पोरांना गाडीत बसवून देईल आणि त्यांचे पैसे बुडवेल. आधी कार्डं परत, मग पगार थेट खात्यात. उचलीचं विचारायचं ते ठेकेदार नसताना, ओडिया येणाऱ्या माणसाकडून.

मूळ प्रश्नकर्ता:
काल कार्डं मोजून घेतली. मुलं अठरा, कार्डं एकोणीस. एकोणिसावं चतुर्थीत न सांगता निघून गेलेल्या पोराचं. तेव्हा मी त्यालाच शिव्या घातल्या होत्या.