अनुभव धागा: विचारांचं दळण थांबवायला तुम्ही काय करता?

धागाकर्ती, टिळकवाडी (बेळगाव)
'जास्त विचार करू नकोस' असं सगळेच सांगतात. सांगून कुणाचा थांबलाय? ज्या विचारातून पुढचं काही करायचं सुचतं, तो चालू दे. पण तोच तो विचार फिरफिरून येतो आणि झोप खातो, तेव्हा तुम्ही नेमकं काय करता? सल्ले नकोत, स्वतःवर करून बघितलेलं लिहा.

येळ्ळूर
दिवेलागणीला कन्नडमधली नोटीस आली. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. खाली शिक्का, मधे आकडे, तेवढे कळले. शेजारचा पोरगा कन्नड शाळेत शिकलेला, पण तो रात्रपाळीला. मग काय, झोपायच्या आत माझ्या डोक्यात भाताची जमीन गेली, कोर्ट झालं, गळ्यातलं मोडून वकिलाचे पैसेही देऊन झाले. सकाळी पोरानं वाचलं: घरपट्टीची थकबाकी! तेव्हापासून असा कागद आला की वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे 'माहीत आहे', उजवीकडे 'मला वाटतं'. डावीकडे जेमतेम दोन ओळी होतात. उजवी बाजू भरून वाहायला लागली की माझं मलाच हसू येतं.

निपाणी, शिक्षिका
समुपदेशक बाईंनी मला काळजीसाठी वेळ ठरवून दिली. साडेपाच ते सहा, तीही पलंगावर नाही, मागच्या खोलीतल्या खुर्चीत. दिवसभरात काही टोचलं की चिठ्ठीवर दोन शब्द खरडायचे आणि 'साडेपाचला बघू' म्हणून कामाला लागायचं. मला पोरखेळच वाटला. पण अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली हाच उपाय तपासून मांडला होता म्हणे. काळजी कुठेही, केव्हाही करत राहिलं की बिछाना, स्वयंपाकघर, एसटी सगळंच तिची आठवण करून द्यायला लागतं. तिला एक जागा, एक वेळ दिली की बाकीच्या जागा सुटतात. संध्याकाळपर्यंत निम्म्या चिठ्ठ्या शिळ्या झालेल्या असतात. एखादीवर मात्र खरंच फोन करावा लागतो, तो मी तिथेच बसून करते. सुट्टीच्या दिवशी हे काही जमत नाही. घरभर माणसं!

खानापूर तालुका, स्पर्धा परीक्षावाला
आमच्याकडे कुणी 'निकाल कधी?' विचारलं की आधी खात्री करावी लागते, माझा की सीमाप्रश्नाचा? तो खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, माझं तेवढं लांबलेलं नाही. संकेतस्थळ सकाळी एकदाच उघडतो. नंतर मोबाईल आईकडे.

जांबोटी
लेक चोर्ला घाटातून गोव्याला माल नेतो. घाटात रेंज जाते. पावसाळ्यात 'फोन का लागत नाही' याला माझ्याकडे शंभर उत्तरं असायची, सगळी वाईट. आता ठरलंय, गोव्यातल्या साखळी गावाला पोचला की तो एक मेसेज टाकणार. तोवर मी फोन लावायचा नाही. पहिल्यांदा फार जड गेलं. अजूनही जातं.

शहापूर
वह्या-चिठ्ठ्या चांगल्याच. माझं त्यावर भागलं नाही. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या वाटेतून परत यायचो, झोप उडाली, वजन उतरलं. धारवाडला मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो, गोळ्या आणि थेरपी दोन्ही चाललंय. रोजची कामं अडायला लागली असतील तर घरगुती उपायांवर दिवस काढू नका. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.

कडोली
पहाटे तीनला जाग येते आणि सुरू होतं. त्याला काय करावं?

निपाणी, शिक्षिका
पडून राहू नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा. मी लसूण सोलते. डोळे जड झाले की मगच परत बिछान्यात. आणि घड्याळ उशाशी ठेवू नका.