मदत हवी: परिक्रमेला नेमकं कधी निघावं? (तातडीचं)

शेखर७९
नमस्कार मंडळी. परिक्रमेला कोणत्या महिन्यात निघालेलं सगळ्यात बरं? शोधून शोधून थकलो, दहा ठिकाणी दहा उत्तरं. कोणी म्हणतं दिवाळीनंतर, कोणी संक्रांतीनंतर, आणि एका व्हिडिओत तर एक बाई भर चैत्रात चालतेय. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे याच आठवड्यात ठरवायला हवं. कृपया फक्त महिना सांगा. अध्यात्म नको, ते घरात भरपूर आहे. आगाऊ धन्यवाद.

टिवल्याबावल्या
कुठली परिक्रमा? गिरनारची असेल तर कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा, पाच दिवसांत विषय संपला. गोवर्धनची असेल तर २१ किलोमीटर, पहाटे निघा आणि दुपारी लस्सी प्या.

शेखर७९
नर्मदेची हो. परिक्रमा म्हटल्यावर आणखी कुठली असणार?

माळवी_मराठी
पायी की बसने? इंदूरहून बसवाले पंधरा-वीस दिवसांत फिरवून आणतात, त्यासाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. पायी असेल तर कुठून उचलणार, म्हणजे सुरू करणार? एकटे की जथ्यात? वय? रोज किती चालवतं? हे न सांगता महिना विचारणं म्हणजे डॉक्टरला फोन करून "गोळी सांगा" म्हणण्यासारखं आहे.

चैत्रातली बाई बहुतेक उत्तरवाहिनीची असेल. गुजरातेत तिलकवाड्याजवळ नदी उत्तरेकडे वळते, तेवढ्याच भागाची परिक्रमा चैत्र महिन्यात करतात. एका दिवसात होते. तिचा आणि मोठ्या परिक्रमेचा संबंध नाही.

शेखर७९
पायी. ओंकारेश्वरहून. बाकीच्या तपशिलाने महिना बदलतो का?

माळवी_मराठी
बदलतो.

पंचांगवाले काका
चातुर्मासात परिक्रमा थांबते. आषाढी एकादशीला जिथे असाल तिथे मुक्काम, कार्तिकी एकादशी झाली की पुन्हा चालायचं. त्यामुळे सुरुवात कार्तिकी एकादशीनंतर. ज्यांनी "ऑक्टोबरअखेर निघा" असं लिहून ठेवलंय त्यांनी पंचांग उघडलेलं नाही. यंदा ज्येष्ठ अधिक होता, म्हणून सगळे सण पुढे गेलेत. गेल्या वर्षी कार्तिकी २ नोव्हेंबरला होती, यंदा २० नोव्हेंबरला आहे. त्रिपुरी पौर्णिमा २४ ला. म्हणजे चालण्याच्या हंगामाचे अठरा दिवस आधीच गेले, हे लक्षात ठेवा.

शेखर७९
हे कामाचं बोललात काका. मग २० नोव्हेंबर फायनल?

रेवाकाठ
थांबा, घाई नको. मी नोव्हेंबर २०२२ मध्ये ओंकारेश्वरहूनच उचलली होती, तेव्हा अनुभवाचं लिहितो.

काठाकाठाने धरलं तरी २६०० किलोमीटर होतात, फेरे-वळसे धरून जास्तच. रोज २०-२५ किलोमीटर चालणाऱ्यालाही साडेचार-पाच महिने लागतात. इतके दिवस चालायचं म्हणजे थंडी आणि ऊन दोन्ही लागणारच. कुठल्या टप्प्यावर काय लागू द्यायचं एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते कुठून उचलता त्यावर ठरतं. मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला ठेवायची, त्यामुळे ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेकडे जाता. डिसेंबरात शूलपाणीची झाडी, म्हणजे डोंगराळ जंगल, वर्षअखेरीस समुद्र. नदीच्या मुखाशी विमलेश्वरहून बोटीने पलीकडे मिठीतलाई, तिथून उत्तर तट. ऐन थंडीत तुम्ही गुजरातेत असता, तिथली थंडी सोसवते. उगमाशी, अमरकंटकला पोचेपर्यंत मार्च उजाडतो. अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, डिसेंबर-जानेवारीत तिथे गवतावर दव गोठतं. मार्चमध्ये मात्र स्वर्ग. शेवटचा तुकडा, म्हणजे नर्मदापुरम ते ओंकारेश्वर, एप्रिलच्या उन्हात. तेवढं सोसायचं.

संक्रांतीनंतर निघालात तर हे सगळं दोन महिने पुढे सरकेल आणि मे महिन्यात भट्टीत चालाल.

आणखी एक. एकादशी-पौर्णिमेला सगळं जग ओंकारेश्वरला असतं. सगळे एकदम उचलतात, एकाच वेगाने पुढे सरकतात, आणि संध्याकाळी आश्रमात आसन लावायला, म्हणजे पथारी टाकायला, जागा नसते. बोटीलाही तेच. बोट भरतीवर सुटते, तुमच्या घड्याळावर नाही. आम्ही तीन दिवस बसून होतो. पौर्णिमेनंतर चार-आठ दिवसांनी निघालात तर गर्दीची लाट पुढे गेलेली असते.

अण्णा निगडीकर
परिक्रमा साडेचार महिन्यांत "उरकायची" गोष्ट नाही. शास्त्र तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस सांगतं. कोणत्या महिन्यात सोयीचं हा प्रश्नच चुकीचा आहे. मैया बोलावते तेव्हा निघायचं.

टिवल्याबावल्या
अण्णा, मैयाने बोलावलं तरी ओंकारेश्वरला जायला खंडव्याचं कन्फर्म तिकीट आयआरसीटीसीच देते.

माळवी_मराठी
अण्णा, तीन वर्षांच्या त्या हिशेबात तीन चातुर्मासांचे मुक्काम येतात, म्हणून तो आकडा मोठा. तसं करणारे साधू आजही दिसतात. पण गृहस्थाला साडेचार महिने मिळाले तरी पुष्कळ. कमीपणा कसला त्यात?

वारकरी_आळंदी
नर्मदा कशाला, आधी वारी करा. आळंदी ते पंढरपूर, सोबत दिंडी, पाणी-जेवणाची सोय, ऋतूचा प्रश्नच नाही. पाऊस आला तर पावसात, ऊन आलं तर उन्हात. आमच्या दिंडीत ऐंशी वर्षांच्या आज्या असतात.

शेखर७९
दादा, वारी दोनदा झाली आहे. प्रश्न वेगळा आहे. आणि मला ऑफिसातून ४० दिवस रजा मिळेल, जास्त नाही.

रेवाकाठ
अहो हे आधी सांगायचं! ४० दिवसांत पूर्ण पायी होत नाही. खंड परिक्रमा करा. जिथे थांबाल तिथूनच पुढच्या वर्षी पुन्हा सुरू. पहिला तुकडा ओंकारेश्वर ते समुद्र, डिसेंबरात, सगळ्यात देखणा.

अण्णा निगडीकर
खंड पडला की ती परिक्रमा नव्हे. सहल म्हणा.

रेवाकाठ
अण्णा, तुमची झाली आहे का? सहज विचारतोय.

अण्णा निगडीकर
माझ्या वडिलांची झाली आहे. त्यांनी चप्पलसुद्धा घातली नव्हती.

पायतळ
अवांतर पण महत्त्वाचं: चप्पल की बूट? मी महाग ट्रेकिंगचे बूट घेऊन गेलो, बडवानी गाव यायच्या आत दोन्ही पायांना फोड. सुईत दोरा ओवून फोडातून काढायचा, दोरा तसाच ठेवायचा, पाणी निघून जातं. नंतर बाजारात साधे सँडल घेतले आणि त्यांवर समुद्रापर्यंत गेलो.

टिवल्याबावल्या
दोरा आत ठेवून जंतुसंसर्ग करून घ्यायची आयडिया कुणाची? निर्जंतुक पट्टी बांधा, मोकळे व्हा.

पायतळ
तुम्ही किती किलोमीटर चाललात?

टिवल्याबावल्या
सोफा ते फ्रीज.

शेखर७९
मंडळी, महिना!!! आणि एक गैरसमज झालाय, चूक माझीच. चालणार मी नाही. माझी आई चालणार आहे. मी पहिले ४० दिवस सोबत, पुढे तिची भजनी मंडळातली एक मैत्रीण येणार.

माळवी_मराठी
😐 आईंचं वय?

शेखर७९
६३. तब्येत ठणठणीत. थंडीत थोडा दमा होतो एवढंच.

माळवी_मराठी
"एवढंच."

सुलभा
शेखर, मी ५८ व्या वर्षी केली. बाईमाणसाचा आणि वयाचा हिशेब वेगळा असतो, म्हणून लिहिते. वरचे सगळे २०-२५ किलोमीटरने गणित मांडतायत. तुमच्या आई रोज पंधरा चालल्या तरी खूप झालं. २६०० भागिले १५ म्हणजे १७३ दिवस, आणि आजारपण, एकादशा, बोटीचा खोळंबा मिळून वीस दिवस विश्रांतीचे धरा. नोव्हेंबरअखेर निघाल्या तर जून उजाडेल. चातुर्मासाच्या आत बसतं, पण त्या अमरकंटकला मार्चअखेर-एप्रिलमध्ये पोचतील आणि परतीचा सगळा दक्षिण तट एप्रिल-मेमध्ये. माझंही तसंच झालं. बरमानच्या पुढे सकाळी साडेआठलाच डांबर तापायचं. डांबरावरून मातीत उतरायचं, मातीत भेगा म्हणून परत डांबरावर. एका खेड्यात ओसरीवरच्या आजींनी ओलं गोणपाट पसरलं आणि खुणेने सांगितलं, पाय ठेव. वीस मिनिटं मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, नुसते पाय ठेवून बसले. नंतर त्यांनी ताकाचा तांब्या पुढे केला.

पहाटे चारला निघायचं, नऊला थांबायचं, संध्याकाळी तासभर. उन्हाळ्यात एवढंच होतं.

दम्याचं म्हणाल तर नुसत्या थंडीपेक्षा ओल वाईट. डिसेंबरात नदीकाठी धुकं असतं. उघड्या घाटावर निजले तर पहाटे घोंगडी ओलीगच्च, पिळली तर पेलाभर पाणी निघेल अशी. भिंत आणि छप्पर असलेल्या जागीच आसन लावायचं, मग तीन किलोमीटर कमी चालले तरी चालेल. पंप दोन ठेवा, एक मैत्रिणीच्या झोळीत. आणि निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा, आम्हाला विचारू नका.

रेवाकाठ
सुलभाताईंचं गणित बरोबर आहे, मी तरण्याताठ्यांच्या हिशेबाने लिहिलं होतं. आता बदलतो. जागा ओंकारेश्वरच ठेवा. अमरकंटकहून उचलली तर त्यांच्या वेगाने समुद्र फेब्रुवारीअखेर, मग निमाडपासून पुढचा अख्खा उत्तर तट चैत्र-वैशाखात. ते नको. निमाडात एप्रिल म्हणजे चाळीसच्या वरच.

पायतळ
शूलपाणीत अजून लुटतात का? आमच्या आजोबांच्या वेळी भिल्ल परिक्रमावाशांच्या अंगावरचं कापडसुद्धा ठेवत नसत म्हणे.

रेवाकाठ
जुनी गोष्ट. मला तिथल्याच एका घरात मक्याची भाकर आणि उडदाची डाळ मिळाली, आणि पैसे पुढे केले तर ते लोक रागावले. सरदार सरोवराच्या पाण्यात जुनी वाट गेली, आता बरंच डोंगरावरून जावं लागतं. चढ-उतार आहेत. दम्याच्या माणसाने घाई करू नये तो टप्पा तोच. नेमके तेव्हा शेखर सोबत असतील, हे चांगलं.

माळवी_मराठी
आणखी एक, लवकर निघायचा मोह का नको तो. पावसाळा लांबला तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला काठची काळी माती सुकलेली नसते. पायताणाला किलोभर चिकटते, चार पावलांवर काठीने खरवडायची. नाल्यांना पाणी असतं. उपनद्या ओलांडायच्याच असतात, ओलांडायची नाही ती फक्त नर्मदा. त्यामुळे यंदा कार्तिकी उशिरा आली ते एका परीने बरंच झालं. काका, अठरा दिवस गेले म्हणून हळहळू नका.

पंचांगवाले काका
हळहळलो नाही, माहिती दिली. सप्तमीही सांगून ठेवतो, नर्मदा जयंती माघ शुद्ध सप्तमी, १३ फेब्रुवारी २०२७. त्या दिवशी काठावर असाल तर दीपदान चुकवू नका.

शेखर७९
धागा आईला वाचायला दिला. (निवृत्त शिक्षिका. आधी माझ्या शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या.) तिचं म्हणणं असं: पौर्णिमेची गर्दी सरली की गुरुवारी २६ नोव्हेंबरला संकल्प. डॉक्टरांकडे शनिवारी जाणार. रोज पंधरा किलोमीटर, जास्त नाही. आणि अमरकंटकला पोचल्यावर ऊन किती ते बघून पुढचं ठरवणार. जास्त वाटलं तर तिथेच बसणार आणि पुढच्या कार्तिकात उठणार.

मी म्हटलं, आई, म्हणजे सात-आठ महिने अमरकंटकला? तर म्हणाली, सुलभाताईंच्या गोणपाटापेक्षा बरं.

अण्णा निगडीकर
याला परिक्रमा म्हणतात. तट न सोडता मुक्काम केला तर खंड पडत नाही. माउलींना माझा नमस्कार सांगा.

टिवल्याबावल्या
शेखरराव, महिना मागितला होतात, वर्ष मिळालं.

सुलभा
शेखर, आईंचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अमरकंटकला राहायच्या दोन जागा सांगते. एप्रिल-मेमध्ये तिथे रात्री अजून पांघरूण लागतं.

वारकरी_आळंदी
पुढच्या आषाढीला मग तुम्ही एकटेच मोकळे आहात ना? दिंडीत जागा आहे.

शेखर७९
ताई, व्यनि केला. दादा, बघू. २४ नोव्हेंबरचं खंडव्याचं आरक्षण आज सकाळी आठला उघडलं, आठ वाजून चार मिनिटांनी वेटिंग ४१. कल्याणहून खंडव्याला जाणारी रात्रीची दुसरी कुठली गाडी आहे का?