प्राथमिक शिक्षक व्हायचं का? सीमाभागातले अनुभव सांगा

भाचीचं यंदा पीयूसी (कर्नाटकातली बारावी) झालं. घरात रोज एकच चर्चा: डीएलएड (प्राथमिक शिक्षकाची दोन वर्षांची पदविका) करायचं की पदवीला जायचं? तिला लहान मुलांनाच शिकवायचंय. पण मराठी शाळांचे पट घसरताना आम्ही बघतोय, म्हणून जीव धजत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ज्यांनी ही वाट धरली किंवा विचार करून सोडली, त्यांनी मोकळेपणाने लिहा. पगारापासून वर्गापर्यंत सगळं.

निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका

आमच्या वेळी डीएलएडच्या जागी टीसीएच होतं. नेमणूक जांबोटीकडच्या जंगलपट्ट्यात, पावसाळ्यात वाट बंद व्हायची. पुढे नली-कली ही खेळत शिकायची पद्धत आली आणि पहिली ते तिसरीची मुलं एका वर्गात बसू लागली. त्यातली एक मुलगी शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची, पण पुढ्यात 13 चिंचोके ठेवले की कधी 11 सांगायची, कधी 15. तोंड पुढे पळायचं, बोट मागे राहायचं. मग मोजलेला चिंचोका उचलून वाटीत टाकायला लावला. टाकल्याशिवाय पुढचा आकडा म्हणायचा नाही. हळूहळू मेळ बसला आणि एक दिवस ती आपणहून म्हणाली, "बाई, तेराच हाईत." पाचवीत वजाबाकी अडते, तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं. भाचीला असल्या बारीक कामात गोडी वाटते का, ते आधी बघा. मला ती शेवटपर्यंत वाटली.

अतिथी शिक्षक, निपाणीजवळ

आधी कागदांचं बोलतो. पदवी, मग बीएड, मग प्राथमिकला लागू असा हिशेब कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केलंय. डीएलएड हवं आणि वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिला पेपर 150 गुणांचा, खुल्या गटाला त्यात 90 लागतात. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानंतर तर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या, नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी पास होणं भाग आहे.

माझं दोन्ही झालंय, तरी कायम नाही. भरती निघाली तरी मराठी माध्यमाच्या जागा मोजक्याच. मानधन महिनोन्महिने रखडतं, एप्रिल-मे कोरडे जातात. वर्ग मात्र कायम शिक्षकाइतकाच सांभाळतो. घरची तंबाखूची शेती आहे म्हणून टिकलोय. मुलांसाठी टिकावंसं वाटतं हे खरं, पण ज्याच्या घरी दुसरं उत्पन्न नाही त्याला मी नुसत्या ओढीवर या म्हणणार नाही.

विचार सोडला, बेळगाव शहर

मी प्रवेश घेण्याआधी ओळखीच्या बाईंच्या वर्गात काही दिवस जाऊन बसले. मुलं आवडणं वेगळं आणि तीस जणांत दिवसभर आवाज न चढवता राहणं वेगळं. संध्याकाळी घरी कुणाशी बोलायचीही ताकद उरायची नाही. आता हायस्कूलच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, तिथे माझं मन लागतं. ताई, भाचीलाही आधी असं बसू द्या.

मुख्याध्यापक, चिकोडी तालुका

कन्नडचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वर्ग मराठीत चालतो, पण परिपत्रकं, प्रशिक्षणं, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसचा पत्रव्यवहार सगळा कन्नडमध्ये. शिवाय एसएटीएसच्या, म्हणजे मुलांच्या ऑनलाइन नोंदी आणि अक्षर दासोहाच्या (मध्यान्ह भोजनाच्या) तांदळाचा-दुधाचा हिशेब. दोन शिक्षकी शाळेत हे करायला तिसरं माणूस नसतं. मराठीसाठी मी मोर्चात चाललोय, पुढेही चालेन. पण शिक्षकाला कन्नड आली नाही तर फटका मुलांना बसतो. मागे एका मुलाच्या दाखल्यात जन्मतारीख चुकली होती. आई शेतमजूर, तिला कन्नड येत नव्हती. मीच तिच्यासोबत ऑफिसात गेलो, कन्नडमध्ये अर्ज लिहिला, साहेबांशी बोललो आणि दुरुस्ती झाली. मराठी शाळेतल्या पालकांना असा शिक्षक लागतो.

भाचीला कन्नड नीट लिहिता-वाचता येत असेल आणि घरचे चार-पाच वर्षं थांबायला तयार असतील, तर यंदाच फॉर्म भरा. कन्नड कच्ची असेल तर डीएलएडच्या दोन वर्षांत पक्की होते. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांनी ती तशीच केली.