स्लिमला नशिबाने यश मिळाले?

काही जण म्हणतात की दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांची रसद संपली म्हणून ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिम जिंकला, म्हणजे ते नशीबच. मला हे पटत नाही. रसद संपली हे खरे, पण स्लिमने तेच गृहीत धरून योजना आखली होती. १९४४ मध्ये त्याने सैन्य इंफाळच्या मैदानात मागे घेतले आणि जपान्यांना डोंगर ओलांडून लांबवर येऊ दिले. स्वतःच्या वेढलेल्या तुकड्यांना मात्र विमानांनी दाणागोटा पुरवला. कोहिमावर एवढा मोठा हल्ला येईल हे त्याला ओळखता आले नाही, आणि ही चूक त्याने स्वतः मान्य केली. मला हा माणूस आवडतो तो त्यामुळेच.

त्याआधी मणिपुरातल्या सांगशाकला पॅराशूट ब्रिगेडसोबत आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण लढली. त्या झुंजीत मिळालेले दिवस इंफाळ-कोहिमाला फार मोलाचे ठरले. याचा उल्लेख इथे व्हायलाच हवा.

आणि १९४५ चे मेइक्तिला, म्हणजे मध्य ब्रह्मदेशातले जपान्यांचे रसदकेंद्र? मंडाले शहरासमोर हूल देऊन स्लिमने एक अख्खी कोअर (अनेक डिव्हिजनांचे सैन्य) गुपचूप दक्षिणेकडून इरावती नदीपार तिकडे नेली. याला नशीब कसे म्हणायचे?