सहावी ते आठवीच्या लेकरांचा गट सुरू करायचाय, अनुभव असलेल्यांनी सांगा

जालन्याची टीचरताई

सगळ्यांना जय ख्रिस्त. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, जालना जिल्ह्यातलं, फार मोठं नाही. रविवारशाळा पाचवीपर्यंत मस्त चालते, लेकरं हातवारे करून गाणी म्हणतात, चित्रं रंगवतात, वचन पाठ करतात. वर तरुण संघ आहे पण तिथं सगळे कॉलेजचे नाहीतर कामाला लागलेले, त्यांच्या गप्पा भरती, नोकरी, लग्न. मधली सहावी-सातवी-आठवीची दहा-बारा लेकरं आहेत ती कुठंच बसेनात. छोट्यांसोबत बसवलं की तोंड फुगवतात, मोठ्यांसोबत बसवलं की एकदम गप. उपासना चालू असते आणि हे मागच्या पायऱ्यांवर एका मोबाईलला चारजण चिकटलेले, मग मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी कुणीतरी येऊन रागवतं आणि पुढच्या रविवारी त्यातलं एखादं लेकरू कमी होतं.

त्यात एक कुटुंब बदली होऊन आमच्याकडं आलं, दोन मुली, एक सहावीत, एक आठवीत. आल्या तेव्हा चपला काढतो तिथल्या बाकावर दोघीच बसून राहिल्या, कुणी बोललं नाही, आता आई एकटीच येते. ते मला मनाला लई लागलं. पाळकसाहेबांशी बोलले तर ते म्हणाले तुम्हीच घ्या या लेकरांना, मदतीला तरुण संघातला एक दादा देतो. घेणार तर आहे, पण शिकवायचं काय, किती वेळ, नवीन लेकरू आलं तर त्याला आपलं कसं वाटंल, आणि निम्मी इंग्लिश मीडियमची आहेत त्यांना मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, नीट वाचताच येईना त्याचं काय करावं. पोरं-पोरी एकत्र बसवावीत का हे पण सांगा.

परभणीची काकू

ताई, आधी त्या दोन मुलींच्या घरी जा. गट सुरू व्हायची वाट बघू नका, आठवडाभरात जा, आणि जाताना तुमच्या गटातली त्यांच्याच वयाची एक मुलगी सोबत न्या. मोठ्या माणसानं "ये गं चर्चला" म्हणलेलं या वयात लेकरांना आईबापाच्या सांगण्यासारखंच वाटतं. बरोबरीच्या मुलीनं "रविवारी मी गेटपाशी थांबते" म्हणलं की मग येतात.

नवीन लेकराला पुढं उभं करून "तुझं नाव सांग, एक गीत म्हण" हे आपल्या मंडळ्यांत सर्रास चालतं, ते कृपा करून बंद करा. सात वर्षांचं लेकरू खुशीत म्हणतं, तेराव्या वर्षी आवाज फुटलेला असतो, अंगावरचे कपडे आखूड झालेले असतात, सगळे आपल्याकडंच बघायलेत असं वाटतं, त्याला तिथं उभं केलं की ते परत येत नाही. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी हाताला काम द्या. सतरंजी टाकायची, शास्त्रं वाटायची, फळ्यावर वचन लिहायचं. काम करता करता नाव आपोआप कळतं आणि बोलणं सुरू होतं. आणि तुम्ही स्वतः दुसऱ्या रविवारी नावानं हाक मारा, नाव विसरायचं नाही, लागलं तर वहीत लिहून ठेवा, कुठल्या शाळेत, कितवीत, घरी कोण कोण, सगळं लिहा.

शिकवायचं म्हणाल तर भाषण नको, प्रश्न हवेत. लूकच्या दुसऱ्या अध्यायात प्रभू येशू बरोबर या लेकरांच्याच वयाचा आहे, १२ वर्षांचा, आणि आईबापाला सापडला तेव्हा मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. या वयाच्या लेकराला प्रश्न विचारायची जागा पाहिजे हे तिथंच दिसतं. आमच्याकडं एकदा पाच भाकरी दोन मासळ्यांचा पाठ होता. हा चमत्कार चारी शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या चारी पुस्तकांत, आहे पण तो मुलगा फक्त योहानात येतो, सहाव्या अध्यायात. मी एवढंच विचारलं की त्या मुलाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं. एक पोरगं म्हणालं, "मी आधी दोन भाकरी खाऊन घेतल्या असत्या." सगळे हसले, मी पण हसले, रागवायचं काही कारणच नव्हतं. मग एक मुलगी, कधी तोंड न उघडणारी, हळूच म्हणाली, "त्याच्या आईनं डबा त्याला दिलता ना, घरी गेल्यावर ती काय म्हणली असंल?" तिथून जे बोलणं सुरू झालं ते थांबेना. आपल्याकडचं दुसऱ्याला दिलं की घरचे काय म्हणतात, डब्यातलं वाटून खाताना कुणाला टाळतो, वर्गात कुणाच्या डब्याला नावं ठेवतात. मी त्या दिवशी तयार करून नेलेलं निम्मं बाजूलाच राहिलं आणि पाठ मात्र त्यांना नीट समजला.

पोरं-पोरी एकत्रच बसवा, गोल करून. महिन्यातून एखादा रविवार वेगळं बसवा कारण मुलींच्या शरीराबद्दलच्या, पाळीच्या शंका असतात त्या ताईलाच विचारतात, आणि पोरांना पण कुणी दादा लागतोच. वेळ पाऊण तास, त्याच्यावर नको.

बीडकर पाळकीणबाई

काकूंचं सगळं पटलं. आमच्या भागातलं एक सांगते, तुमच्याकडं पण लागू होईल. आमच्या निम्म्या लेकरांचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या मागंपुढं टोळ्या निघाल्या की काही लेकरं सोबत जातात, काही आजीकडं राहतात, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. आता तुम्ही जूनपासून पुस्तक लावून एकाला एक जोडलेले पाठ घेतले तर हे लेकरू मार्चमध्ये येऊन बसतं आणि त्याला काहीच लागेना, मग ते कोपरा धरतं. म्हणून आम्ही प्रत्येक पाठ त्याच दिवशी सुरू, त्याच दिवशी पूर्ण असाच घेतो.

आणि हजेरीचं बक्षीस आम्ही काढूनच टाकलं. मला याचा खरंच राग येतो. नाताळाच्या कार्यक्रमात स्टेजवर बोलावून वर्षभर हजर राहिल्याबद्दल कंपास पेटी द्यायची, आणि जे लेकरू उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून धाकट्या भावंडाला सांभाळत होतं त्यानं खाली बसून टाळ्या वाजवायच्या? ते लेकरू चुकलं काय? त्याच्याऐवजी जी बाहेर गेलीत त्यांच्यासाठी रविवारी नाव घेऊन प्रार्थना करतो, आणि राहिलेली लेकरं मुकादमाच्या नाहीतर बापाच्या मोबाईलवर आवाजी मेसेज पाठवतात, एक गीत म्हणून. परत आल्यावर "इतके दिवस कुठं होतास" असं कुणी विचारायचं नाही अशी आमच्या गटात ताकीदच आहे.

नांदेडचा दादा, तरुण संघ

मी आता कॉलेजला आहे आणि आमच्याकडं हाच गट मी आणि एक ताई मिळून घेतो. थोडं वेगळं बोलतो. एक तर रविवार सोडा. आठवीच्या पोरांना रविवारी क्लासच्या फाउंडेशन कोर्सच्या टेस्ट असतात, एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी असते, लातूर-नांदेडात तर क्लासवाले रविवार सोडतच नाहीत, आणि मग लेकराला चर्च का टेस्ट असं घरातच भांडण. आम्ही शनिवारी संध्याकाळी पाचला घेतो, आधी अर्धा तास ग्राउंडवर लंगडी नाहीतर क्रिकेट, मग घामाघूम होऊन आत येतात, पाणी पितात, मग पाठ. खेळात नवीन पोराला टीममध्ये घ्यावंच लागतं, त्यामुळं ओळख करून द्यायची वेगळी गरजच पडत नाही.

मोबाईलचं म्हणाल तर आम्ही हिसकावत नाही, दारात एक टोपली आहे त्यात सगळ्यांनी ठेवायचा, मी पण ठेवतो. मोठ्यांनी ठेवला की पोरं कुरकुर करत नाहीत.

पंच रागवतात हे वाचलं. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत होता आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल त्याला बोलला नाही, खाली उतरला आणि त्याला कवटाळलं. हा भाग मी आमच्या पंच मंडळींना वाचून दाखवलाय, आणि खरं सांगतो त्यांनी तो मनावर घेतला.

अजून एक, हे कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. सहावी-सातवीत शाळेतली पोरं विचारायला लागतात, तुम्ही गणपती कामून बसवत नाही, तुमचा धर्म इंग्रजांचा ना, कुणी बाटगे म्हणतं. लेकरू घरी सांगत नाही, मनात ठेवतं, आणि मग चर्चला जाणंच कमी करतं. गटात हे बोललं गेलं पाहिजे. आम्ही सांगतो की जालन्याजवळ बेथेल गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री इथलेच मराठी माणूस होते, १९ व्या शतकातले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि आपण रविवारी टाळ घेऊन जी भजनं म्हणतो त्यातली कितीतरी त्यांचीच. आणि २०२० ला धाराशिवला, तेव्हाचं उस्मानाबाद, ९३ वं मराठी साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. हे ऐकून एक पोरगं म्हणालं, "म्हणजे आपल्या मराठवाड्यात, आपला माणूस, सगळ्या मराठीचा अध्यक्ष?" तो सोमवारी शाळेत जाऊन सरांना सांगून आला. पण यात दुसऱ्यांच्या देवाधर्माबद्दल एक वाकडा शब्द येऊ द्यायचा नाही, ही लेकरं त्याच मित्रांसोबत रोज डबा खातात.

इंग्लिश मीडियमवाल्यांसाठी दिब्रिटोंनी केलेलं सुबोध बायबल बघा, मराठी सोपी आहे. वाचायची सक्ती कुणालाच करू नका, ज्याला वाटंल तो वाचंल.

जुना पंच, अंबाजोगाई

दादा, पंचांवर सगळे घसरले म्हणून लिहितो. क्रिकेट ठीक आहे, टोपली ठीक आहे, पण वचनं पाठ झाली पाहिजेत. माझ्या वडिलांना अक्षरओळख बेताची, पण २३ वं स्तोत्र तोंडपाठ होतं आणि शेवटच्या आजारात तेच त्यांच्या ओठावर होतं. ते त्यांना लहानपणी रविवारशाळेत शिकवलेलं. आताची लेकरं दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या, वर्गाला येतात तेव्हा प्रभूची प्रार्थना पण अडखळत म्हणतात. खेळा, पण हे सोडू नका.

परभणीची काकू

भाऊ, बरोबर बोललात, पाठांतर हवंच. फक्त सगळ्यांसमोर उभं करून म्हणायला लावू नये आणि चुकलं की हसू नये एवढंच. आम्ही जोडीजोडीनं एकमेकाला म्हणून दाखवायला लावतो. आणि तुमच्या वडिलांची ही गोष्ट तुम्ही स्वतः येऊन लेकरांना सांगा की. आमच्याकडं वर्षातून दोनदा म्हातारी माणसं येऊन बोलतात, लेकरं अक्षरशः हलत नाहीत जागची.

वकीलताई, छत्रपती संभाजीनगर

टीचरताई, चार गोष्टी आधीच ठरवून घ्या, नंतर नाही. गटात कायम दोन मोठी माणसं, एकटं कुणी लेकरासोबत बंद खोलीत थांबायचं नाही, दार उघडं. लेकरांना वैयक्तिक मेसेज नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करायचा तर पालकांचा करा. बाहेर सहलीला न्यायचं असंल तर आईवडिलांची लेखी परवानगी. आणि एखाद्या लेकरानं काही वाईट घडल्याचं सांगितलं तर "कुणाला सांगू नको, मंडळीची बदनामी होईल" हे शब्द कुणाच्याच तोंडून निघता कामा नयेत. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्यात माहिती असून कळवलं नाही तर तो गुन्हा आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर भिंतीवर लावा, लेकरांना पाठ करू द्या.

दुसऱ्या धर्माचे मित्र खेळायला येतात, येऊ द्या, चांगलंच आहे, पण त्यांच्या घरी माहीत असलं पाहिजे, आणि पाठाला बसायचं का नाही ते त्यांचे आईबाप ठरवतील. यात लपवाछपवी अजिबात नको.

जालन्याची टीचरताई

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं. काल त्या मुलींच्या घरी जाऊन आले, आमच्या गटातली एक सातवीतली सोबत होती, त्या तिघी आत जाऊन काय बोलल्या माहीत नाही पण हसण्याचा आवाज येत होता. शनिवार पाच वाजता ठरलं. आता शेवटचं विचारते, पहिला पाठ कुठला घ्यावा? पहिल्याच दिवशी जमलं नाही तर परत येणार नाहीत म्हणून धाकधूक आहे.

औशाकडचा गुरुजी

मार्क घ्या ताई, चारींमध्ये सगळ्यात छोटं शुभवर्तमान, १६ च अध्याय, आणि गोष्ट भराभर पुढं जाते. पहिल्या दिवशी दुसरा अध्याय, १ ते १२. कफर्णहूमात घर माणसांनी भरलेलं, दारात पाय ठेवायला जागा नाही, चौघंजण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घेऊन आले, छप्पर उकरलं आणि वरून बाज खाली सोडली.

हे आपल्या लेकरांना सांगताना माळवदापासून, म्हणजे जुन्या घरांच्या मातीच्या छतापासून, सुरू करा. आताची स्लॅबच्या घरात वाढलेली पोरं विचारतात की छप्पर उकरतात कसं. आजोबाच्या गावी ज्यांनी माळवद बघितलंय ती लगेच सांगतात, लाकडाच्या तुळया, त्यावर किलचन, म्हणजे लाकडाच्या बारीक फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, कुदळीनं उकरलं तर निघतं. आमच्या किल्लारी भागात तर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात हेच मातीचं छत आणि दगडाच्या भिंती माणसांवर आल्या, घराघरात ती आठवण आहे, त्यामुळं खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडायला लागली तेव्हा कसं वाटलं असंल हे इथं समजावून सांगावं लागत नाही.

मग चौघांना एक चादर द्या, चार कोपरे धरायला लावा आणि त्यात पाचव्याला बसवून दार ते फळा नेऊ द्या, खाली जाड सतरंजी असू द्या आणि वजनानं हलकं लेकरू घ्या. एकानं कोपरा सोडला तर काय होतं ते त्यांनाच कळतं. त्यानंतर एवढंच विचारा की तुमच्या वर्गात बाहेर राहिलेलं कोण आहे, आणि त्याचा कोपरा कोण धरायलाय. उत्तर लगेच येणार नाही, घाई करू नका. त्या दोघी बहिणींना चादरीत बसवू नका, कोपरे धरायला द्या. आणि सरबत करायचं असंल तर लिंबं शुक्रवारीच आणून ठेवा, शनिवारी पाचला उन्हातून आलेली लेकरं आधी पाणीच मागतात.