र्‍योकान आणि ओनसेन (जपानमधली गरम पाण्याची कुंडं): तुमच्या आठवणी सांगा

श्रावणधारा
परवा पालीला गणपतीला गेलो होतो. येताना उन्हेऱ्याच्या कुंडावर थांबलो. गाडीतून उतरले, गंधकाचा तो वास आला आणि मी एकदम जपानमधल्या हाकोनेला पोचले. नवरा विचारतोय पाण्यात पाय घालणार का, आणि मला दिसतायत आईचे पाय, पांढुरक्या पाण्यातून बाहेर काढलेले, टाचा गुलाबी झालेल्या.

तेव्हा आम्ही टोक्योत निशी-कासाईला राहायचो. २०१७च्या नोव्हेंबरात आई आली होती. सेन्गोकुहाराला ते चंदेरी तुऱ्यांच्या गवताचं माळरान आहे ना, त्याच्या जवळच्या एका लहानशा र्‍योकानमध्ये एक रात्र राहिलो. र्‍योकान म्हणजे जुन्या पद्धतीचं जपानी अतिथीगृह. दारात पादत्राणं काढायची, खाली बसायचं, खाली झोपायचं. आई म्हणाली, "हे तर आपल्यासारखंच आहे की." जेवण खोलीतच आलं. जेवून खाली आंघोळीला गेलो आणि वर येतो तर टेबल भिंतीशी सरकवलेलं, तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, तिघांची अंथरुणं घातलेली. आई उंबऱ्यातच थांबली. "माझं अंथरूण कोणी घातलं?"

नाकाई-सानने घातलं होतं. नाकाई-सान म्हणजे आपल्या खोलीचं सगळं बघणाऱ्या बाई. आई तेव्हा बासष्टची. आमच्या एकत्र घरात अकरा माणसांची अंथरुणं घालणारी तीच आणि काढणारी तीच. तिचं अंथरूण दुसऱ्या कोणी घातलं अशी तिच्या आठवणीतली ती पहिली रात्र. बाळंतपणातसुद्धा नाही, हे मला त्या रात्री कळलं.

सकाळी मी तोंड धुऊन येते तो आई आणि त्या बाई मिळून चादरीची घडी घालतायत. आईला राहवलं नसणार. त्यांनी नको नको केलं असणार, आईने ऐकलं नसणार. दोघींच्या हातात दोन-दोन टोकं. ताणायची, झटकायची, मग पुढे येऊन जुळवायची. आई मराठीत बोलत होती, त्या जपानीत. टोकाला टोक नेमकं बसत होतं.

निघताना आईने पर्समधली खणाची छोटी पिशवी त्यांच्या हातात ठेवली. गाडी वळेपर्यंत त्या आणि मालकीणबाई कमरेत वाकून उभ्या होत्या.

तुमचंही लिहा. र्‍योकान, ओनसेन, काहीही चालेल.

मीठभाकर
"बाळंतपणातसुद्धा नाही" इथे थांबले गं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

दुपारची_झोप
मी सरळ कपड्यांच्या विषयावर येते, कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं. हो, काहीही न घालता जायचं. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची, मगच कुंडात उतरायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा.

आम्ही आरिमाला गेलो होतो, कोबेच्या मागच्या डोंगरात. तिथे एक पाणी गंजासारखं तांबूस आहे, त्याला ते सोन्याचं पाणी म्हणतात. दुसरं नितळ, ते चांदीचं. सासूबाई बरोबर होत्या. मी कपाटापाशी टॉवेल धरून उभी, तोवर त्या आत जाऊन बसल्यासुद्धा. पाण्यात उतरताना त्यांच्या पोटावरचा उभा व्रण दिसला. नऊ वर्षं एका घरात राहत होतो आणि मला माहीत नव्हता. त्यांनी आपणहूनच सांगितलं. ह्यांच्या आधीचं बाळ, मुलगी, चार दिवस जगली. नाव ठेवायचं राहिलं. एवढंच बोलल्या आणि मग तांबड्या पाण्यात हात बुडवून बघत बसल्या, हात कुठपर्यंत दिसतो ते.

त्यानंतर आमचं नातं बदललं. आता त्या नाहीत.

तिळगूळ
दुपारची_झोप, तुला जवळ घेतलंय असं समज.

ठाणेकर७१
हाकोनेला कुठला पास घ्यावा? मार्चमध्ये चाललोय, दोन मुलं आहेत.

श्रावणधारा
@ठाणेकर७१ हाकोने फ्री पास, दोन किंवा तीन दिवसांचा. डोंगरातली ट्रेन, केबल कार, रोपवे, आशी तलावावरची बोट, सगळं त्यात येतं. ट्रेन चढावर उलटसुलट दिशा बदलत जाते, मुलांना खिडकीशी बसवा. टोक्योतल्या शिंजुकूहून रोमान्सकार ही ट्रेन घेतलीत तर तिचे जादा पैसे वेगळे. ओवाकुदानीची काळी अंडी खायला घाला त्यांना.

मीठभाकर
काळ्या अंड्यांवरून आठवलं! गरम झऱ्यात उकडतात, गंधक आणि लोहामुळे कवच काळं होतं, आतून साधंच उकडलेलं अंडं. एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणतात. आमच्या सासरेबुवांनी दोन खाल्ली आणि सासूबाईंना म्हणाले, "चौदा वर्षं अजून सोसावं लागेल तुला." त्या म्हणाल्या, "मग मलाही दोन द्या."

नागोयाकर
२०२१च्या मे महिन्यात बाबा गेले, नाशिकला. मी नागोयात. जाता आलं नाही. तेव्हाची परिस्थिती सगळ्यांना माहीत आहे, सांगत बसत नाही. अंत्यविधी फोनवर बघितला.

ऑक्टोबरात आमच्या सेक्शनचे प्रमुख, साठीला आलेले गृहस्थ, एका शुक्रवारी म्हणाले, उद्या माझ्याबरोबर चल. हिदा एक्सप्रेसने गेरोला नेलं, दीड-पावणेदोन तास, नदीच्या कडेकडेने. आरिमा, कुसात्सु आणि गेरो ही जपानची तीन नावाजलेली ओनसेन, हायाशी राझान नावाच्या पंडिताने लिहून ठेवलंय, हे त्यांनी ट्रेनमध्ये सांगितलं. बाकी काही बोलले नाहीत.

संध्याकाळी आंघोळीला गेलो. शेजारी शेजारी स्टुलांवर बसलो होतो. त्यांनी माझ्या हातातला पंचा घेतला, साबण लावला आणि माझी पाठ घासायला लागले. तिथे ही पद्धत आहे, वडील माणसाची पाठ धाकट्याने घासायची. हे उलटं चाललं होतं. मी उठायला लागलो तर खांदा दाबून बसवलं.

आमच्याकडे नरकचतुर्दशीला बाबाच पाठ चोळायचे. आई तेल लावायची, उटणं बाबा. मोठा झालो, मिशी आली तरी. फार जोर लावायचे, मी ओरडायचो.

त्या दिवशी मी पाच महिन्यांत पहिल्यांदा रडलो. ते घासत राहिले. मग त्यांनी लाकडी घमेल्याने पाठीवर पाणी ओतलं, दोनदा. मग मी त्यांची पाठ घासून दिली.

जपानीत याला 'हादाका नो त्सुकिआई' म्हणतात, उघड्या अंगाची सोबत.

श्रावणधारा
नागोयाकर, लिहिलंत हे फार बरं केलंत.

आकाशकंदील
दादा, मलाही वडिलांच्या वेळी जाता आलं नव्हतं. मी सिंगापुरात होते. काही लिहिता येत नाही, पण वाचलं दोनदा.

संगमेश्वरी
आजीचं गोंदण. हा आमच्याकडचा मोठा प्रसंग. माझी आजी, वय एकोणऐंशी, दोन्ही हातांवर तुळशीवृंदावन, कपाळावर ठिपका, मनगटाच्या आत आजोबांचं नाव. जपानमध्ये गोंदण म्हणजे गुंड टोळ्यांची खूण असा समज जुना, त्यामुळे पुष्कळ ओनसेनमध्ये गोंदलेल्या माणसाला पाण्यात उतरू देत नाहीत. दारावर पाटीच असते. आमच्या लक्षातच आलं नाही की आजीचं गोंदणही त्यातच धरलं जाईल.

काउंटरवरची मुलगी फार अवघडली. ओकामी, म्हणजे मालकीणबाई, बाहेर आल्या. त्यांनी आजीचा हात हातात घेऊन नीट बघितला. हे काय, ते काय, विचारलं. मी सांगितलं, ही तुळस, हे नवऱ्याचं नाव, चौदाव्या वर्षी जत्रेत गोंदवलेलं. त्यांनी त्वचेच्या रंगाच्या पट्ट्या आणल्या आणि स्वतः आजीच्या हातावर चिकटवल्या. पण नाव झाकायला आजी तयार होईना. "ते झाकायचं नाही." शेवटी त्यांनी आम्हाला 'काशिकिरी' दिलं, म्हणजे कुटुंबापुरतं वेगळं कुंड, आतून कडी लावायचं. पट्ट्या काढून टाकल्या. आजी तासभर बसली असेल, बाहेर यायलाच तयार नव्हती. आमच्या राजवाडीच्या कुंडापेक्षा पाणी कमी कढत आहे म्हणाली.

दुपारची_झोप
"ते झाकायचं नाही." वा आजी!

नागोयाकर
किनोसाकीला जा पुढच्या वेळी. तिथल्या सातही सार्वजनिक स्नानगृहांत गोंदण चालतं. र्‍योकानमधून पास मिळतो. युकाता, म्हणजे सुती झगा, घालून, लाकडी गेता पायात, कालव्याच्या कडेने एका कुंडावरून दुसऱ्यावर जायचं. सगळ्या गावभर खटखट खटखट.

राजापूरचा_आंबा
संगमेश्वरीताई, राजवाडी, आरवली, तुरळ... आणि आमच्या राजापूरचं उन्हाळे! कोकणात 'ऊन पाणी' म्हणजे गरम पाणी, त्यावरूनच उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे. जपानच्या १९४८च्या कायद्यात उगमाशी पाणी २५ अंशांच्या वर असेल किंवा ठरावीक खनिजं असतील तर ओनसेन. म्हणजे ही आपली सगळी ओनसेनच झाली. मला मनापासून वाटतं, आपण त्या कुंडांची निगा ठेवायला हवी. कपडे धुतात तिथे, साबणाच्या वड्यांचे कागद पडलेले असतात. उगमाचं पाणी कसं जपतात ते जपानमध्ये बघून यावं.

तिळगूळ
राजापूरची गंगा आली का हो यंदा?

राजापूरचा_आंबा
गंगा वेगळी, ती अवचित येते. उन्हाळे गावातल्या झऱ्याचं पाणी बारा महिने.

पानगळ
शाकाहारी लोकांनी काय करायचं ते कोणी लिहिलंच नाही, म्हणून लिहिते. आई-बाबा दोघं कडक शाकाहारी. र्‍योकानच्या जेवणात मासा नुसता ताटात नसतो, तो 'दाशी'त असतो. सुकवलेल्या बोनिटो माशाचं ते पाणी सूपमध्ये, भाजीत, सॉसमध्ये, सगळीकडे. "आम्ही मांस खात नाही" एवढं सांगून भागत नाही. आधी कळवा आणि कोम्बूची, म्हणजे समुद्री शेवाळाची, किंवा शिताके अळंब्यांची दाशी चालेल असं स्पष्ट लिहा. आयत्या वेळी सांगून काही होत नाही, तयारी आदल्या दिवसापासून असते. आम्ही एकदा न कळवता गेलो. स्वयंपाकी बिचारा बाहेर येऊन माफी मागत होता. आईने मेतकूट काढलं, त्याच्या वाफाळत्या भातावर घातलं, बाबा तृप्त. त्याने चिमूटभर चाखून बघितलं, डोळे मिटून.

दुसऱ्या खेपेला कोयासानला बौद्ध देवळात राहिलो. शुकुबो म्हणतात. तिथे शोजिन र्‍योरी, पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. तिळाचं गोमा-दोफू जिभेवर ठेवलं की विरघळतं. पहाटे प्रार्थनेला बसलो, बाबांना संस्कृत मंत्रांचे तुकडे ओळखू आले. ते अजून सांगतात सगळ्यांना.

ठाणेकर७१
धन्यवाद! पण माणशी दर एवढा का असतो? खोलीचा दर दिसतच नाही कुठे.

पानगळ
कारण दर माणशीच असतो आणि त्यात रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता धरलेला असतो. 'इप्पाकु निशोकु', एक रात्र दोन जेवणं. शिवाय आंघोळीचा कर, बहुतेक ठिकाणी माणशी १५० येन. तीन-साडेतीनला पोचा, उशीर करू नका, जेवण सहाला असतं. मुलांना आधी खायला घालून नेऊ नका. सकाळी दहाला खोली सोडायची.

सुईदोरा
माझ्या आईला बीपी आहे. चालेल का गरम पाणी?

तिळगूळ
डॉक्टरांना विचारूनच गं. नर्स म्हणून सांगते, जेवल्याजेवल्या आणि दारू पिऊन तर मुळीच नाही. आधी पायांवर, मग अंगावर पाणी घेत हळूहळू उतरायचं. पाच-सात मिनिटांनी बाहेर बसायचं, पाणी प्यायचं. उठताना कोणीतरी हात धरायचा. एकटीला पाठवू नकोस.

मीठभाकर
भांडी झाली, आता लिहिते. आम्ही कुसात्सुला गेलो होतो, मी जोडवी काढायला विसरले. गावाच्या मध्यभागी युबाताके, म्हणजे पाण्याचं शेत, लाकडी पन्हळींतून कढत पाणी वाहतंय आणि वाफेचे लोट. पाणी इतकं आम्लधर्मी आहे की डोळ्यात गेलं तर चुरचुरतं. आणि इतकं गरम की पूर्वीपासून त्यात थंड पाणी मिसळत नाहीत, सहा फुटी फळ्यांनी घुसळून निववतात. बायका रांगेत उभ्या राहून, गाणं म्हणत. मला जात्यावरच्या ओव्याच आठवल्या. आजीला दाखवायला हवं होतं.

तर रात्री बघते, जोडवी काळीठिक्कर. लग्नातली, आईने दिलेली. सोनाराकडे नेली तर तो घासून देईन म्हणाला, पण त्यावर बारीक नक्षी आहे, ती झिजेल म्हणून दिली नाहीत. आठ वर्षं डबीत ठेवलीत. कोणाला उपाय माहीत आहे?

सुईदोरा
ताई, घासू नका! पातेल्यात ॲल्युमिनियम फॉइल पसरा, चकचकीत बाजू वर, त्यावर जोडवी ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा आणि वरून उकळतं पाणी. जोडवी फॉइलला टेकलेली हवीत. गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमला धरतं, चांदी जागच्या जागी राहते. पातेलं ॲल्युमिनियमचं घेऊ नका, काचेचं किंवा स्टीलचं घ्या. मोती-खडे नाहीत ना त्यात?

मीठभाकर
नाहीत. उद्या करते.

श्रावणधारा
आईला सगळा धागा वाचून दाखवला. संगमेश्वरीची आजी तिला फार आवडली. सध्या तिचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही. पण उन्हेऱ्याला नेणार आहे पुढच्या आठवड्यात. पाय तरी घालेल.

मीठभाकर
केलं आत्ता. उकळतं पाणी ओतलं आणि स्वयंपाकघरभर तोच वास, कुजक्या अंड्याचा, युबाताकेचा! लेक धावत आली, गॅस सुटला का म्हणून. दोन मिनिटांत नक्षीतली वेलसुद्धा दिसायला लागली. घातली आहेत पायात.